म्बिथेचा दीर

मोटरसायकल फाटकाशी येऊन थांबली तरी मुसेंबीने कोयत्यावरची कानस थांबवली नाही. ती पात्याच्या टोकापर्यंत नेली, पातं उन्हात तिरकं धरून पाहिलं आणि मगच मान वर केली. क्यालो हेल्मेट काखेत धरून उभा होता. गावातल्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचा गट सांभाळणारा हा संस्थेचा पोरगा दर आठवड्याला यायचा आणि आला की फाटकातूनच मुसेंबीच्या बायकोला, म्बिथेला हाक मारायचा. आज त्याने तिला हाक मारली नाही.

"दादा, तुमच्याशीच काम होतं."

"माझ्याशी?"

"गुरुवारी वोटेला जाऊन याल का? टोपल्यांचे चामड्याचे पट्टे तयार झालेत. नीट बघून घ्यायचे आणि घेऊन यायचे. जाण्यायेण्याचं मी बघतो."

हेच चामड्याचं काम मुसेंबीने गेल्या वर्षी त्याच्याकडे मागितलं होतं. तेव्हा क्यालोने वोटेच्या कारागिराचं नाव सांगून त्याला वाटेला लावलं होतं.

"गुरुवारीच का?"

"गुरुवारी मिळणार आहेत."

"शुक्रवारी गेलो तर पळून जातील?"

क्यालो हसला, पण नुसता ओठांनी. "गुरुवारी हॉलंडची बाई येतेय, दादा. आपला सगळा माल तीच घेते. गटातल्या बायका तिच्यात अडकलेल्या, मी तिच्यात अडकलेला. दुसरं माणूस आहे कुठे माझ्याकडे?"

"म्बिथेही अडकलेली?"

"त्या तर लागतीलच. बाईला त्यांनाच भेटायचंय."

मुसेंबीने पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. जाईन म्हणाला. क्यालोने त्याचे आभार मानले, फाटकाशी जाऊन पुन्हा एकदा मानले. एवढ्याशा कामाला एवढे आभार मुसेंबीला जड वाटले. मोटरसायकलची धूळ वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला.

मोंबासाहून परत आल्याला त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. तिथे समुद्राकाठच्या हॉटेलात तो इस्त्रीवर होता. चादरी, पडदे, गोऱ्या पाहुण्यांचे सदरे. गेला तेव्हा त्यांची मुलगी कालेक्ये रांगत होती. सुरुवातीला पैसे पाठवायचा, मग कधीमधी, मग काहीच नाही, निरोपसुद्धा नाही. तिथे जे काही होतं ते संपल्यावर एका सकाळी तो बॅग घेऊन या फाटकात उभा राहिला. म्बिथेने बॅग आत नेली आणि चहा ठेवला. तिकडे काय होतं, कोण होतं, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. न विचारणाऱ्या बाईकडे स्वतःचं काहीतरी लपवायला असतं, असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा घेतल्यावर रोज काही ना काही दिसू लागलं. घरावर नवे पत्रे होते. अंगणात पावसाच्या पाण्याची काळी टाकी होती. तिच्याकडे स्वतःचा फोन होता, आणि तो वाजला की ती उठून आंब्याखाली जायची. घरात रेंज नाही म्हणायची. घरात रेंज खरोखरच नव्हती, तरीही तो खिडकीतून बघत राहायचा.

त्या संध्याकाळी ती दारात बसून वाख वळत होती. घायपाताचे पांढरे तंतू मांडीवर ठेवायची, तळव्याने पुढे ढकलायची, आणि दोरा आपसूक लांबत जायचा. तिच्या मांडीवरचा तेवढा पट्टा घासून घासून तुळतुळीत झाला होता.

"गुरुवारी मला वोटेला धाडतोय तुझा क्यालो."

"माझा कशाला? स्योकाउआजीच्या बहिणीचा नातू तो."

"तुला ठाऊक होतं."

तिचा तळवा मांडीवर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "पट्टे आणायचेत, एवढंच म्हणाला होता."

"ती बाई यायच्या दिवशी मी घरात नको. असं का?"

"नको कोण म्हणतंय तुम्हाला? काम नाही, काम नाही म्हणून सारखं कुरकुरता. काम दिलं तर त्यात खोट काढता."

तो दोरा किती वेळा तुटतो ते बघत बसला. एरवी तुटत नसे. त्या संध्याकाळी तुटला.

दुसऱ्या दिवशी तो शेळ्या घेऊन गटाच्या शेडवरून गेला. आतून गप्पांचा आवाज येत होता, तो त्याला पाहताच बसला. बायकांनी आपापल्या टोपल्यांवर माना झुकवल्या. गटाची प्रमुख स्योकाउआजी दारातच बसली होती. तिचे दात पडले होते, जीभ शाबूत होती.

"काय मुसेंबी, मोंबासाला परत कधी?"

"जाणार नाही, आजी."

"अगदीच नाही? एखादी चक्कर तरी मारून ये. समुद्र तुझी वाट बघत असेल."

आत कोणीतरी फिसकन हसलं. मुसेंबीने बघितलं. सगळ्याजणी हसू दाबत होत्या. हसत नव्हती ती एकटी म्बिथे.

गुरुवारी तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला. मटाटूत बसला, भाडं दिलं, आणि वाळूच्या नदीवरचा पूल आल्याबरोबर खाली उतरायला उठला.

"काका, वोटे अजून लांब आहे," कंडक्टर म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग भाडं मागे मिळायचं नाही."

"ठेव तुला."

नदी कोरडी होती. पात्रातल्या वाळूतून पावलं रुतवत तो गावाकडे परत चालू लागला. रस्त्याने गेला असता तर कोणीतरी हाक मारली असती. शेडच्या मागच्या निवडुंगाच्या कुंपणाशी पोचला तेव्हा बायकांचं स्वागताचं गाणं चाललं होतं. फटीतून त्याला शेडसमोरच्या आंब्याखाली मांडलेल्या खुर्च्या दिसल्या, त्यातल्या एकीवर उंच, पिकल्या केसांची गोरी बाई दिसली, तिच्या बाजूला क्यालो. आणि मग म्बिथे दिसली.

मोंबासाहून त्याने तिला पिवळा झगा आणला होता. पाहुणे आले की ती तो घालायची. आज तिच्या अंगावर शेतातला राखी झगा होता. गळ्यात काही नव्हतं. डोक्याला काळा रुमाल, अगदी कपाळावर ओढून बांधलेला. कुणासाठी नटून बसलेली बायको बघायच्या तयारीने मुसेंबी आला होता. ही अशी बसलेली बायको बघून काय समजायचं ते त्याला कळेना. नटली असती तर त्याला कळलं असतं.

गाणं संपलं. क्यालो उठून घराच्या दिशेने हात दाखवत होता. बाईला म्हणजे म्बिथेचं घर बघायचं होतं. मुसेंबी कुंपणाच्या कडेने झपाझप निघाला आणि मागच्या दाराने त्यांच्या आधी घरात शिरला.

आत पाऊल टाकताच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खुंटीवर त्याचा रोजचा सदरा नव्हता. पलंगाखाली त्याचे बूट नव्हते. दाढीचं सामान, रेडिओ, भिंतीवरचा मोंबासातला फोटो, काही म्हणजे काही नव्हतं. फोटोच्या जागी मातीचा तेवढा चौकोन उजळ दिसत होता. तो अंधाऱ्या खोलीत शोधत फिरला. शेवटी कणगीचं झाकण उचललं तर सगळं आत, मक्यावर, एका पोत्यात बांधून ठेवलेलं. सकाळी तो फाटकाबाहेर पडल्यावर तिने हे केलं असणार. किती थोडा वेळ लागला असेल, हे त्याच्या मनात आलं आणि कानशिलं तापली.

बाहेर पावलं वाजली. पडवीत स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मुसेंबी खिडकीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

बाई इंग्रजीत बोलत होती. क्यालो मध्ये मध्ये ते कांबा भाषेत सांगत होता. मुसेंबीला क्यालोची गरज नव्हती. हॉटेलातल्या वर्षांनी त्याला एवढं तरी दिलं होतं.

"आमच्या दुकानात मी म्बिथेचा मोठा फोटो लावलाय," बाई म्हणत होती. "एक म्हातारे गृहस्थ एकदा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांची बायको नुकतीच वारली होती. मी त्यांना म्बिथेबद्दल सांगितलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कशी एकटी उभी राहिली, लहान मुलीला घेऊन. त्यांनी एक टोपली घेतली. त्या टोपलीतून ते आता भाजी आणतात आणि येता-जाता दुकानात डोकावून म्बिथे कशी आहे ते विचारतात. यंदा त्यांनीच मला म्हटलं, जाऊन भेटून या तिला."

मुसेंबीला आधी वाटलं, आपण शब्द चुकीचा ऐकला. मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी बाईचं बोलणं चाललंय. मग क्यालोने तेच कांबामध्ये सांगितलं, आणि क्यालोच्या आवाजाला घाम सुटल्यासारखा वाटला. म्बिथेचा आवाज आलाच नाही.

तो मागच्या दाराने निघून जाऊ शकला असता. नंतर कितीदा तरी त्याला वाटलं, तसंच करायला हवं होतं. पण पाय पुढच्या दाराकडे वळले आणि तो पडवीत येऊन उभा राहिला.

क्यालोच्या हातातली पाण्याची बाटली तिरकी झाली. बाई दचकून स्टुलावरून उठली. एक शेळी ओरडली.

"हा तिचा दीर," स्योकाउआजी म्हणाली. आज ऊन फार आहे म्हणावं, तशी म्हणाली. "शेळ्या बघायला येतो अधूनमधून."

क्यालोने ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना तो मुसेंबीकडे बघत होता.

एक शब्द पुरला असता. मुसेंबीने आजीकडे बघितलं. शेडच्या बायका अंगणात दाटीने उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या घरांवरचे पत्रे, पोरांच्या शाळा, सगळं या बाईच्या गाडीतून आलेलं होतं आणि तिच्याच गाडीतून परत जाऊ शकत होतं. मग त्याने म्बिथेकडे बघितलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. तो काय करतो ते ती बघत होती, एवढंच. तो बोलला असता तरी तिला नवल वाटलं नसतं, गप्प राहिला असता तरी नाही.

"हो," तो इंग्रजीत म्हणाला. "मी धाकटा भाऊ."

बाईने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे तळवे गार होते. "मला फार वाईट वाटलं, तुमच्या भावाचं. कसे होते ते?"

"मोंबासाला होता," मुसेंबी म्हणाला. "हॉटेलात. इस्त्री करायचा."

"आजारी होते?"

"आम्हाला काही कळलं नाही. लांब होता."

"घरी निरोपही उशिरा आला असेल."

"खूप उशिरा."

बाईने मान हलवली. त्याचा हात सोडून ती म्बिथेसमोर गुडघ्यांवर बसली. पाहुणीला असं मातीत बसलेलं बघून अंगणातल्या बायका कुजबुजल्या. तिने हळू आवाजात विचारलं, आणि क्यालोने सांगण्याआधी क्षणभर डोळे मिटले.

"त्या विचारताहेत, त्यांची आठवण येते का," तो म्हणाला. आणि लगेच, त्याच सुरात, "वहिनी, काहीतरी थोडकं बोला. मी निभावून नेतो."

म्बिथेने अर्धवट विणलेली टोपली मांडीवर उपडी ठेवली.

"हसवायचा तो," ती म्हणाली. "आमचं लग्न झालं तेव्हा मी फार लाजायचे. त्याच्या आईसमोर जेवायचीसुद्धा नाही. तर तो माझ्या ताटाशी बोलायचा. ताटाला विचारायचा, बाई, तुला मक्याची मुथोकोई आवडली नाही का, परत पाठवू का तुला चुलीकडे. मग मला हसू यायचं आणि मी जेवायचे."

क्यालो सांगत होता. थोडकं ठेवायचं तो विसरला होता.

"गेला तेव्हा बस दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. मग रोज संध्याकाळी उभी राहायचे. लोक विचारायचे, कोणाची वाट बघतेस, म्हणून मग शेळ्यांच्या निमित्ताने उभी राहायचे. मग पाऊस आला नाही, त्या वर्षी शेळ्याच विकल्या. निमित्त राहिलं नाही. एक दिवस आंब्याखाली बसून वाख वळत होते, आणि माझ्या लक्षात आलं की रस्त्याकडे माझी पाठ आहे. सकाळपासून पाठच होती. त्या दिवशी रडले. त्याच्या आधी नव्हते रडले."

बाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्बिथेने तो हात तिथे राहू दिला. मुसेंबी खांबाला टेकून उभा होता. टेकला कधी ते त्याला आठवत नव्हतं.

फाटक वाजलं. शाळेच्या निळ्या गणवेशात कालेक्ये धावत आत आली आणि एवढी माणसं बघून थबकली. मुसेंबी परत आल्यापासून ती त्याला नीटशी हाक मारत नव्हती. काही हवं असलं तर समोर येऊन नुसती उभी राहायची, नाहीतर आईकडून निरोप द्यायची. आज कशी कोण जाणे, ती सगळ्यांमधून सरळ त्याच्याकडे आली.

"बाबा, वोटेहून लवकर आलात?"

बाईने क्यालोकडे बघितलं.

"काकांची विचारपूस करतेय," क्यालो म्हणाला.

मुसेंबीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाई उठली, गुडघ्यांची माती झटकली, आणि मुलीकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून मुलीकडे बघितलं.

"तुमच्यावर गेलीय," ती म्हणाली. "कपाळ, कान. अगदी तुमचे."

"भावाचेही असेच होते."

"असतील," बाई म्हणाली. ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मुसेंबीला वाचता आलं नाही. तसले चेहरे त्याला हॉटेलातही कधी वाचता आले नव्हते. मग तिने म्बिथेला मिठी मारली, मालाचं पुढच्या वर्षीचंही बोलून टाकलं, आणि गाडीत बसताना काच खाली करून क्यालोला काहीतरी म्हणाली.

"पुढच्या वर्षी येतील म्हणताहेत," क्यालोने सांगितलं. "दिरांनाही भेटेन म्हणाल्या."

गाडी गेली. बायका कलकलत शेडकडे निघाल्या. स्योकाउआजी मुसेंबीजवळून जाताना थांबली, त्याच्या सदऱ्याच्या बाहीला चिकटलेला निवडुंगाचा काटा काढून फेकला, आणि पुढे गेली. क्यालो मागे रेंगाळला.

"दादा, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं—"

"पट्टे आणायचे राहिले," मुसेंबी म्हणाला.

क्यालोने हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग मोटरसायकल सुरू न करताच ढकलत फाटकाबाहेर घेऊन गेला.

कालेक्ये दप्तर टाकून शेळ्यांकडे पळाली. म्बिथेने डोक्याचा काळा रुमाल सोडला, घडी घातली आणि आत जाऊन कणगी उघडली. पोतं बाहेर काढलं. सदरा झटकून खुंटीला लावला, बूट पलंगाखाली सारले, रेडिओ पुसून फळीवर ठेवला. फोटो तेवढा हातात धरून ती चौकोनासमोर उभी राहिली आणि खिळा शोधू लागली. मुसेंबी दारात होता.

"कोणी सांगितलं त्यांना, मी मेलो म्हणून?"

"कोणी नाही."

"मग?"

"संस्थेचे लोक पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्याजणींना विचारत होते. मुलं किती, शेत किती. मला विचारलं, नवरा? मी म्हटलं, नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. क्यालोने पुढे काय सांगितलं ते मला इंग्रजीत कुठे कळतंय. कळलं तेव्हा टाकी बसली होती."

"नाही म्हणजे इथे नाही, असं. का—" त्याला तो शब्द उच्चारता येईना. "तुला काय म्हणायचं होतं?"

खिळा तिला जमिनीवर सापडला. तो तिने दातांत धरला, फोटो भिंतीला लावून बघितला, आणि मग खिळा काढून म्हणाली, "तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं."

त्याने पुढे होऊन तिच्या हातातला खिळा घेतला आणि दगडाने ठोकला. फोटो टांगला. फोटोतला माणूस समुद्राकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. दोघं थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"ते ताटाचं," मुसेंबी म्हणाला. "मी विसरलो होतो. खरंच असं करायचो मी?"

"मेलेल्या माणसाबद्दल कोण खोटं बोलेल."

ती चुलीकडे गेली. लाकडं सारली, फुंकर घातली, धूर डोळ्यांत गेला म्हणून मान वळवली. कालेक्येचा शेळ्यांवर ओरडण्याचा आवाज येत होता. मुसेंबी चुलीजवळ जाऊन बसला. म्बिथेने मुथोकोईचं पातेलं चढवलं, झाकण ठेवलं, आणि तीही बसली. त्याच्याकडे न बघता, पण उठून जायची घाई नसल्यासारखी.

मुसेंबीने पातेल्याकडे बघितलं. त्याच्याशी काहीतरी बोलावं, असं त्याच्या मनात होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पातेल्यातलं पाणी उकळू लागलं तरी त्याला काही सुचलं नव्हतं, आणि म्बिथे अजून बसलेली होती.